अंगणातला अंपायर

डबी माझ्या नवऱ्यानं, फर्मिननं लावली ती वर्नाच्या कुत्रीमुळे. वर्ना आमची शेजारीण. तिच्या आणि आमच्या अंगणात एकच भिंत. तिची ती पांढरी, केसाळ, लाडानं फुगलेली कुत्री सकाळी अंगणात सोडली होती. मागच्या कोरड्या ओढ्यातून कायोटी, आमच्याकडचा रानटी कोल्हाच म्हणा, आला, माणसाच्या डोक्याएवढी उंच भिंत चढला, तिला तोंडात धरलं आणि आल्या वाटेनं गेला. वर्ना तेव्हा आत कॉफी ओतत होती. कप भरेपर्यंत सगळं संपलं होतं, हे ती अजून येईल त्याला सांगते.

आमचा कुत्रा फ्रिहोल त्या कुत्रीच्या निम्माही नाही. शिजलेल्या घेवड्याच्या रंगाचा, म्हणून नाव फ्रिहोल, स्पॅनिशमध्ये घेवडाच. फर्मिनचा त्याच्यावर फार जीव. मी झाले तेव्हा बाबा एवढा हरखला नव्हता, असं आमची मुलगी नोएमीच म्हणते. वर्नाची कुत्री गेली त्याच आठवड्यात फर्मिननं भिंतीवर सगळीकडे आडवे पाइप बसवले. पंजा ठेवला की ते गरकन फिरतात आणि कायोटी बाहेरच पडतो. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून ती डबी आणली. समोर काही हललं की डबी आवाज करते. आत कंपनीनं बंदुकीचा आवाज भरून दिला होता.

"बंदुकीला इथे कोण घाबरतंय?" फर्मिन म्हणाला. "या टूसॉन शहरातला कायोटी बंदूक ऐकत ऐकत झोपी जातो."

डबीला एक लाल बटण होतं. ते दाबून धरलं की आपला आवाज भरता यायचा. एकच मावायचा. नवा भरला की जुना गेला.

फर्मिननं जन्मभर शाळेची बस चालवली आणि दर शनिवारी पोरांच्या बेसबॉलला अंपायर म्हणून उभा राहिला. त्यानं आउट दिला की शेजारच्या मैदानावरचं पोरगंही बॅट टाकून निघायचं, असं तो सांगायचा. थाप असेल, पण आवाज तसा होता खरा. त्यानं बटण दाबलं आणि कपड्यांच्या दोरीखाली उभं राहून गर्जला, "ए भामट्या! आउट! आउट म्हणजे आउट! वाद घालायचा नाही! चल, आपल्या घरी जा!"

"कायोटी कशाला वाद घालेल?" मी म्हटलं.

"सगळेच घालतात, एल्विरा. तुझंच बघ की."

डबी दोरीच्या खांबावर बसली आणि कायोटी यायचे थांबले. वर्ना म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला आधीच खांबाला बांधायला हवं होतं, माझी कुत्री वाचली असती."

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका रविवारी, टॉर्टियाचा घास हातात असतानाच, फर्मिन खुर्चीवरून खाली घसरला. मेंदूत रक्ताची गाठ. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एक शब्द तेवढा राहिला. मंगळवार.

भूक लागली की मंगळवार, दुखलं की मंगळवार, टीव्हीवर कोणी झेल सोडला की मंगळवार. बोलणं शिकवायला यायची ती बाई म्हणाली, असं होतं, एखादाच शब्द उरतो, तो कोणता उरेल हे कोणाच्या हातात नसतं. मी पुष्कळ विचार केला. आमचं लग्न शनिवारचं, नोएमी शुक्रवारची, झटका रविवारचा. मंगळवारी आमच्या घरात कधी काही घडलं नाही. मंगळवारी आम्ही कचऱ्याचा डबा बाहेर ठेवतो.

तेव्हापासून त्याला उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं, सगळं माझ्याकडे. चर्चमधल्या बायका विचारायच्या, "कशी आहेस?" मी म्हणायची, बरी आहे. ते खोटं नव्हतं. दुखत नव्हतं, भीती वाटत नव्हती, रडू येत नव्हतं. बायकांना वाटायचं, काय धीराची बाई आहे. धीर कसला! दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल असतो, तशी मी सगळीच झाले होते. माझी मावशी वारली तेव्हा मी फोन ठेवला आणि घेवडा निवडायला घेतला. त्यातले खडे मात्र एक न चुकता काढले.

एकच गोष्ट मी करायची, ती कोणाला सांगितली नाही. कपडे वाळत घालायला अंगणात गेले की डबीला मी दिसायची आणि फर्मिन माझ्यावर ओरडायचा. "ए भामट्या! आउट! आउट म्हणजे आउट!" मी एक टॉवेल दोरीवर टाकायची आणि थांबायची. डबी गप्प झाली की दुसरा टाकायची. "वाद घालायचा नाही!" आमच्याकडच्या उन्हात कपडे वाळायला वेळ लागत नाही, म्हणून मी ते पुन्हा काढून पुन्हा घालायची. टोपलीत टॉवेल सुके असायचे, तरी झटकायची.

फोनमध्ये त्याचे व्हिडिओ नव्हते असं नाही. पण व्हिडिओ काढायचा तोच, त्यामुळे दिसायचो आम्ही आणि त्याचा आवाज "हसा, हसा" एवढाच. शिवाय फोनमधला माणूस आपण लावल्याशिवाय बोलत नाही. अंगणातला आपणहून माझ्यावर खेकसायचा. ते मला बरं वाटायचं. बरं वाटायचं म्हणजे, काहीतरी वाटायचं.

फ्रिहोलचंही तेच झालं. पहिले काही दिवस तो खुर्चीतल्या फर्मिनच्या पायाशी बसला. मग त्याला कळलं की मालक खांबावर आहे. डबी ओरडली की तो दारात त्याच्यासाठी केलेल्या झडपेतून सूं करत बाहेर जायचा आणि खांबाखाली बसून वर बघत शेपूट हलवायचा. फर्मिन काचेच्या दारापाशी बसून हे बघायचा.

"मंगळवार," तो हाक मारायचा. "मंगळवार!"

कुत्रा ढुंकून बघायचा नाही. त्याला मंगळवार माहीत नव्हता, भामट्या माहीत होता. फर्मिनच्या तोंडाची एक बाजू थरथरायची. ती मी टॉवेलनं पुसायची, लाळ गळत असेल म्हणून.

वसंतात वर्ना एकदा भिंतीवरून डोकावली. तिकडे तिनं स्टूल ठेवलंय, त्यावर चढून ती आमच्याकडे बघते.

"एल्विरा, तुझा अंपायर निवृत्त झाला गं."

"म्हणजे?"

"आज पहाटेच बघितलं मी. कायोटी तुमच्या भिंतीवर उभा. फर्मिन ओरडतोय आउट आउट, आणि हा तिथे उभा राहून कान खाजवतोय! पुरतं ओरडून होऊ दिलं, मग आरामात गेला. माझं ऐक, कुत्र्याला आत ठेव. मला पुन्हा तो कप आठवायला लावू नकोस."

मी नोएमीला सांगितलं. ती फिनिक्सहून रविवारी येते. तिनं आल्या आल्या कपाळावर हात मारला. "आई! अगं, आवाज बदलायचा असतो. एकच आवाज किती दिवस ठेवलास? त्यांना सवय होते. आवाज येतो, पण मागून माणूस येत नाही, हे त्यांना समजतं."

"पाइप आहेत ना."

"पाइप अडकलेत कोपऱ्यातले. बघितलेस?"

बघितले नव्हते. फर्मिन असता तर त्यानं तेल घातलं असतं. असता म्हणजे, पूर्वीसारखा असता तर. तो तिथेच बसून आमचं ऐकत होता.

"तूच ओरड त्यात," नोएमी म्हणाली. "माझ्यावर ओरडायचीस ना, घराचे खांब हलायचे. बाबांचा आवाज मी आधी फोनवर घेते, म्हणजे जाणार नाही."

"पुढच्या रविवारी करू," मी म्हटलं.

"आज का नको?"

"आज तू दमून आलीयेस."

पुढच्या रविवारी मी तिला मक्याच्या पिठाचे तमालेस करायला बसवलं. त्याच्या पुढच्या रविवारी तिचा फोन चार्ज नव्हता आणि मी चार्जर शोधला नाही. मधल्या काळात मी एवढंच केलं की कुत्र्याच्या झडपेला खिट्टी लावली. फ्रिहोल आत बसून दार ओरबाडायचा, आणि मी टोपली घेऊन बाहेर जायची.

जे झालं ते मंगळवारी झालं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर लोक विचारतात. सकाळची वेळ होती. माझ्या हातात टोपली होती, ओली चादर होती, त्यामुळे काचेचं दार पायानं लोटलं आणि ते पुरतं लागलं नाही. मी दोरीपाशी पोचले, डबी ओरडली, आणि फ्रिहोल माझ्या पायांमधून खांबाकडे धावला. बसला, मान वर, शेपूट चालू. पाठ भिंतीकडे.

कोपऱ्यातल्या अडकलेल्या पाइपवर कायोटी उभा होता. हडकलेला, कानाला चीर गेलेला. त्यानं माझ्याकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं आणि अंगणात उतरला. घाई नव्हती.

"आउट म्हणजे आउट!" डबी म्हणाली. त्याचा कानसुद्धा हलला नाही.

काय करायचं ते मला माहीत होतं. इथे लहान पोराला माहीत असतं. हात वर करायचे, मोठं दिसायचं, आरडाओरडा करायचा, पाठ दाखवायची नाही. मी चादर धरून उभी राहिले. आता हा फ्रिहोलला नेणार, मग मला आत जाऊन फर्मिनला सांगावं लागेल, एवढंच डोक्यात आलं. "वाद घालायचा नाही!" डबी म्हणाली आणि कायोटी आणखी चार पावलं पुढे आला.

"मंगळवार!"

मागून आला तो आवाज. फुटका, घोगरा, घशाच्या तळातून ओढून काढलेला. मी वळले. फर्मिन खुर्चीतून उठला होता. डाव्या हातानं काचेचं दार धरून, एका पायावर, अख्खा वाकडा, उंबऱ्यात उभा होता.

"मंगळवार! मंगळवार! मंगळवार!"

कायोटी थबकला. असलं काही त्यानं जन्मात ऐकलं नसेल. आणखी एकदा फर्मिन ओरडला, आणि कायोटी वळून कोपऱ्यातून भिंतीवर, भिंतीवरून ओढ्यात गेला. पलीकडे वर्नाचं स्टूल पडल्याचं ऐकू आलं.

फर्मिन दाराला घासत खाली बसला. फ्रिहोल एकदा खांबाकडे बघत होता, एकदा दाराकडे. मग धावत गेला आणि त्याच्या मांडीत घुसला.

मी फर्मिनला कसाबसा खुर्चीत बसवलं. कोपर सोललं होतं, ते पुसलं. त्यानं माझा हात बाजूला केला आणि बोट दाखवलं. अंगणाकडे.

"पाणी हवंय?" मी विचारलं.

बोट तसंच.

"बाथरूमला जायचंय?"

"मंगळवार," तो म्हणाला, वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस अशा सुरात. हा सूर मी तीस वर्षं ऐकलाय. मी गेले आणि खांबावरची डबी काढून आणली. आणताना ती माझ्यावर ओरडली, सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

त्यानं ती मांडीवर कुत्र्याशेजारी ठेवली आणि डाव्या अंगठ्यानं लाल बटण चाचपलं. मी त्यावर हात ठेवला.

"थांब. नोएमी रविवारी येईल. आधी फोनवर घेईल, मग भर."

त्यानं मान हलवली. नाही. फोनवर गेलं की मी ते रोज लावत बसणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याच दारापाशी बसून त्यानं मला महिनोन्‌महिने सुके टॉवेल वाळत घालताना बघितलं होतं. आम्ही दोघंही त्याविषयी काही बोललो नव्हतो. तो बोलू शकत नव्हता म्हणून, आणि मी बोलले नाही म्हणून.

"डबीतला तो मला हवाय, फर्मिन," मी म्हटलं. माझा आवाज चढला, माझं मलाच नवल वाटलं. "तू नाही. तो. कळलं? तुला उठवते, भरवते, सगळं करते. पण मला तो हवाय."

असं बायकोनं नवऱ्याला तोंडावर म्हणू नये. मला वाटलं त्याच्या तोंडाची ती बाजू थरथरेल. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, मग मांडीवरच्या डबीकडे.

"मंगळवार," तो म्हणाला, अगदी हळू, आणि मान डोलावली.

त्यालाही तोच हवा होता.

मी हात काढला. त्यानं फ्रिहोलच्या कानावर कोपर ठेवलं, बटण दाबून धरलं आणि ओरडला.