टॅन्सीची पिल्लं

मित्रांनो, मी एक म्हातारी शिकारी कुत्री आहे. नाव टॅन्सी. अंगावर निळसर ठिपके, कान लांब आणि आवाज असा, की केंटकीच्या आमच्या डोंगरात पलीकडच्या खोऱ्यातही ऐकू जातो. रात्री शेतात शिरून मका खाणाऱ्या रकून नावाच्या प्राण्याचा माग काढायचा, त्याला झाडावर चढवायचं आणि माणूस येईपर्यंत बुंध्याशी उभं राहून भुंकायचं, हे आमचं काम.

माझी मालकीण ओर्लीना स्टिडम. तिच्या वडिलांनी आमचं घराणं जोपासलं. जे कुत्रं रिकाम्या झाडाखाली भुंके, त्याची पिल्लं ते होऊ देत नसत. ओर्लीनाही तशीच. लहानपणी मी वास हुंगत कितीही रेंगाळले, तरी तिने मला कधी घाई केली नाही.

तिचा दीर होबार्ट मात्र शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धांचा शौकीन. त्यात जो आधी झाड गाठून भुंकेल, तो जिंकतो. एका उन्हाळ्यात तो मला स्पर्धेला घेऊन गेला. आम्हाला सोडताच मेजर नावाच्या नामांकित विजेत्या कुत्र्याने आवाज दिला. काय तो आवाज! आजही मला त्याचं कौतुक वाटतं. तो धावत एका ओकखाली जाऊन भुंकू लागला. झाड पानांनी गच्च भरलेलं, त्यामुळे वर कोणी आहे की नाही, हे माणसांना दिसेना; त्यांनी त्यालाच पहिला ठरवलं. मला मात्र तिथे कसलाच वास आला नाही. मी दुसऱ्याच मागावर गेले आणि खरं झाड सापडेपर्यंत वेळ संपली होती. मी शेवटची आले.

"वहिनी, ही अजून पत्ताच शोधतेय," होबार्ट घरी येऊन म्हणाला. "हिला मेजरपासून पिल्लं होऊ द्या. लोकांच्या उड्या पडतील."

"भाऊजी, स्पर्धेत वेळ संपली की घरी जायचं असतं. माझ्या मक्यात रकून शिरला, तर तो नेमका कुठे गेला हे मला कळायला हवं."

तरी तिने मेजरला संधी दिली. पानगळ झाल्यावर एका गोठलेल्या पहाटे त्याचा मालक त्याला आमच्या शेतात घेऊन आला. मक्याची कणसं अर्धवट खाऊन टाकलेली होती. मेजर सुसाट निघाला आणि बांधावरच्या झाडाखाली भुंकू लागला. आता फांद्या उघड्या होत्या. वर कोणीच नव्हतं.

मी ओढ्यापाशी माग हरवून बसले होते. पाणी बर्फासारखं. काठाकाठाने वर गेले, खाली आले, शेवटी पलीकडे उतरले. तिथे वास सापडला. एका पोकळ झाडाशी जाऊन मी हाक दिली. माणसांना यायला फार वेळ लागला. पाय बधिर झाले, पण मी हलले नाही. ओर्लीनाने वर पाहिलं आणि माझ्या मानेवर हात ठेवला. ढोलीतून रकून डोकावत होता.

"तुमचा मेजर वाऱ्यासारखा धावतो," ती त्याच्या मालकाला म्हणाली. "पण मला थांबणारी पिल्लं हवीत."

डोंगरापलीकडच्या एका म्हाताऱ्याचा बक नावाचा कुत्रा तिने निवडला. कान फाटका, किताब एकही नाही, पण तो खोटं कधी भुंकला नव्हता. आम्हाला पिल्लं झाली, आणि ती घ्यायला कोणी फिरकलं नाही. वहिनीने घराण्याचं नाव घालवलं, असं होबार्ट गावभर सांगत होता. त्या हिवाळ्यात ओर्लीना सगळ्या पिल्लांना मक्याची भाकरी चुरून घाली आणि आमच्याकडे बघत बराच वेळ उभी राही. आपलं चुकलं तर नाही ना, हा विचार तिला सोडत नसावा.

पुढच्या हंगामात होबार्ट दारात आला. त्याच्याकडे मेजरचं पिल्लू होतं, बक्षिसंही होती, पण निम्मा मका रकूनांनी फस्त केला होता.

"एक पिल्लू द्या, वहिनी. हसायचं असेल तर आधी हसून घ्या."

ती खरंच हसली. मग माझी सर्वांत संथ लेक तिने त्याच्या हाती दिली. "ही उशिरा बोलेल. तोवर तिच्यावर ओरडू नका."

होबार्टने शब्द पाळला. बरेच दिवस काही ऐकू आलं नाही. मग एका पहाटे त्याच्या डोंगरावरून माझ्या लेकीची हाक आली. एकाच जागेवरून, न थांबता. ओर्लीना चुलीवरचं भांडं खाली ठेवून बाहेर आली, आणि आम्ही दोघी उजाडेपर्यंत ऐकत राहिलो.

मित्रांनो, आता मला ओढा ओलांडवत नाही. एवढंच मागते, कुत्रं पाळाल तर त्याला त्याचा वेळ द्या. आणि त्याने हाक दिली, की कितीही लांब असलं तरी त्याच्यापर्यंत जा. ते तुमची वाट बघत उभं असतं.