गुंड्याची साक्ष

गुदामाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. आत कापडाच्या गठ्ठ्यांचा वास, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मुंगीलाही वाट मिळणार नाही अशी गर्दी. सगळ्यांची नजर चार वर्षांच्या एका पोराच्या उजव्या हातावर खिळली होती.

पोराला घरात गुंड्या म्हणत. गुंडगिरी त्याला जन्मात जमली नसती. मान सावरत नव्हती, बसता येत नव्हतं, बोलणं नव्हतं. हातपाय ताठ, मुठी आवळलेल्या. त्याला एका उतरत्या खुर्चीत टेकवून ठेवलं होतं आणि मागे उंच स्टुलावर मुक्या लेकरांची साक्ष काढणारे साक्षीबाबा बसले होते.

"मी कोण?" बाबांनी गर्दीला विचारलं. "मी कुणी नाही! मी नुसता टपालवाला. लेकरू चिठ्ठी देतं, मी पोचवतो. टपालवाल्याला कुणी शिव्या देतं का?"

"नाही!" गर्दी ओरडली.

"मग ऐका. आजी आणि बाप डावीकडे. आई उजवीकडे. उजवी बाजू मानाची, आईचा मान मोठा!"

गुंड्याची आई उजवीकडे जाऊन उभी राहिली. बाबांनी दोन्ही तळवे पोराच्या कानांवर ठेवले आणि डोळे मिटले. "सांग बाळा, तुझे हातपाय कुणी बांधले?"

बाबा आशीर्वाद पुटपुटत होते आणि पोराचं तोंड हळूहळू उजवीकडे वळलं. आणि जो हात खाऊ समोर धरला तरी पुढे येत नसे, तो कोपरातून उलगडत गेला, ताठ झाला आणि आईच्या छातीवर रोखला गेला.

"अगं बाई! आईच!" मागून कुणीतरी किंचाळलं.

आई एक पाऊल मागे सरकली. बाबा मात्र मवाळ झाले. "मी काही म्हटलं नाही हं. लेकरू म्हटलं. पण एका साक्षीवर मी कुणाला सुळावर चढवत नाही. पुढच्या बैठकीला दुसरी साक्ष घेऊ. तीही हीच निघाली, तर आईची सावली लेकरावरून काढावी लागेल. माहेरी धाडा. पोर आजीने सांभाळावं. मग बघा कसं दुडूदुडू धावतं!"

गुंड्याचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना धीर देत बाहेर काढणं हा त्याचा रोजचा धंदा. बायकोला मात्र घरी जाताना तो एवढंच म्हणाला, "बघू. अजून एक बैठक आहे ना."

सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी वाटी-चमचा हातात घेतला. "मला सवय करायला हवी. तू असं तोंड करू नकोस. मी काय तुझी वैरीण आहे? नातू चालावा म्हणून मी दगडालाही हात जोडेन."

"आई, त्याला आडवं ठेवून नका भरवू. हनुवटी थोडी खाली लागते. अर्धाच चमचा..."

"चार पोरं वाढवलीत मी."

दुसऱ्याच घासाला गुंड्याला ठसका लागला. चेहरा निळसर पडला. आईने झडप घालून त्याला पुढे वाकवलं, पाठीवर थोपटलं, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. सासूबाई वाटी धरून तशाच बसल्या, आणि मग त्यांनी जे म्हटलं ते ठसक्यापेक्षा वाईट होतं. "बघ. तू जवळ होतीस म्हणून लागला ठसका."

जवळ राहिली तर बाधा, लांब गेली तर पोराच्या घशात घास. आई शिवणयंत्रापाशी जाऊन बसली. दीड खोलीच्या घरात जायला दुसरी जागाही नव्हती. पायाने पेडल हलवत ती मनातली एकच गोष्ट उसवत राहिली. गुंड्या पोटात असताना, पाय सुजलेले, ऑर्डर तुंबलेली, ती एकदा स्वतःशीच म्हणाली होती, "नको झालंय हे ओझं." मग तो फार लवकर जन्मला. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. गुंड्याने मात्र ऐकलं असणार. नाहीतर त्याने बरोबर तिच्याकडेच कसा हात केला?

बैठकीच्या आदल्या दिवशी तिने त्याला अंघोळ घालून नवा सदरा घातला. समोरून पूर्ण उघडणारे, रुंद बाह्यांचे सदरे ती त्याच्यासाठी स्वतःच शिवायची. आणि घालायची तिची एक रीत होती. ज्या बाहीत हात घालायचा, त्या बाजूला त्याचं तोंड वळवायचं. मग हात आपोआप सरळ होतो आणि बाहीत सुळकन जातो. रोजचंच काम. हात चालत होते, डोकं भलतीकडे.

उजवीकडे तोंड. हात सरळ.

ती थांबली.

डावीकडे तोंड वळवलं. डावा हात सरळ झाला, उजवा कोपरात दुमडला. डावीकडे भिंत होती. भिंतीवर दिनदर्शिका.

"गुंड्या," ती हळूच म्हणाली, "हातपाय भिंतीने बांधले का रे?"

गुंड्या हसला. त्याला तिचा आवाज आवडायचा.

दुपारी आकडीचं औषध आणायचं निमित्त करून ती त्याला घेऊन त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. सगळं सांगितलं, ओझ्याचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी गुंड्याचं डोकं अलगद वळवलं, हात ताठ होताना पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हे सगळ्याच तान्ह्या बाळांना असतं. धनुष्य ओढल्यासारखं. तोंड जिकडे, तिकडचा हात सरळ; दुसरा दुमडलेला. काही महिन्यांत मेंदू वाढतो आणि ते जातं. याच्या मेंदूला इजा आहे, म्हणून राहिलंय. हा कुणाकडे बोट दाखवत नाही. बिचाऱ्याला हात आवरताच येत नाही."

"आणि ती इजा... माझ्यामुळे?"

"तो वेळेआधी जन्मला आणि मेंदूत रक्तस्राव झाला. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. कुणाला पोटात असताना संसर्ग होतो, कुणाला जन्मताना श्वास मिळत नाही, कुणाची कावीळ वेळेवर उतरत नाही, कुणाला नंतर मेंदूज्वर होतो. पुष्कळ मुलांचं कारण आम्हालाही सापडत नाही. पण आई वैतागली, हे कारण नाही. आयांच्या वैतागाने मेंदू बिघडले असते, तर जगात एकही माणूस धड निपजला नसता. मीसुद्धा नाही."

आई रडली नाही. तिने विचारलं, "उद्या बैठकीला याल?"

दुसऱ्या बैठकीला गुदाम आणखी भरलं होतं. बाबांनी पुन्हा मानाची उजवी बाजू दाखवली. आई हलली नाही.

"बाबा, शेवटचंच आहे. पोराला मांडीवर घेऊन बसू द्या."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाबांना असले अश्रू धंद्याला बरे वाटत. "घे माई, घे. आईची माया कोण नाही म्हणेल?"

तिने गुंड्याला मांडीवर टेकवून धरलं. त्याची हनुवटी दोन बोटांत घेतली आणि तोंड अलगद बाबांकडे वळवलं. हात उलगडत गेला आणि थेट साक्षीबाबांच्या पोटावर रोखला गेला.

मग मागून एक हसू फुटलं.

"आशीर्वाद मागतोय!" बाबा घाईने म्हणाले.

"असेल," आई म्हणाली. तिने मांडी फिरवली, तोंड वळवलं, हात सासूबाईंवर. "आता आईंनी बांधले हातपाय?" पुन्हा फिरवली, हात लोखंडी खांबावर. "आणि आता या खांबाने?"

"शक्तीशी खेळतेस! पोर दगावेल!" बाबा ओरडले.

"दगावणार नाही," तिसऱ्या रांगेतून डॉक्टरीणबाई उठल्या. "मी याची डॉक्टर. लेकराची मान तुमच्या हातात होती आणि आई कुठे उभी राहणार ते तुम्हीच ठरवत होता. मानाची बाजू म्हणे! मान वळवायची बाजू म्हणा." मग त्यांनी लोकांना शिरा, स्नायू, तान्ह्या बाळाची ती धनुष्याची तऱ्हा, सगळं साध्या शब्दांत सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मांडीवरच्या ताठर नातीचं तोंड भीत भीत वळवून पाहिलं. तिचाही हात उलगडला. "सुनेला माहेरी धाडलंय आम्ही," तो स्वतःशीच म्हणाला.

बाबांनी टपाल गुंडाळायला सुरुवात केली. "संशयाने साक्ष विटाळली! आज बैठक बंद!"

तेव्हा गुंड्याचा बाप बैठकीत पहिल्यांदा बोलला. "बटण दाबलं की लिफ्ट येते, बाबा. ती काही आपली ओळख धरून येत नाही. बटण कुणी दाबलं, ते मी विचारायला हवं होतं. माझा तर धंदाच तो."

सगळे काही शहाणे झाले नाहीत. "तरी काहीतरी असेलच हो," असं म्हणणारे शटरखालून वाकून बाहेर पडताना भेटलेच. बाबांची खुर्ची दुसऱ्या कुठल्या गुदामात मांडली गेली असेल. तिथेही आईला मानाच्या बाजूला उभं करत असतील.

घरी आल्यावर जेवायची वेळ झाली तेव्हा सासूबाईंनी वाटी उचलली आणि ती सुनेच्या हातात न देता स्वतःच गुंड्यापुढे बसल्या.

"हनुवटी किती खाली म्हणालीस?"

"एवढी."

"आणि चमचा अर्धा?"

"अर्धा. गिळला का बघायचं. मगच पुढचा."

सासूबाईंनी घास दिला, थांबल्या, बघितलं. गुंड्याने गिळला. चालणं त्याच्या नशिबात होतं की नाही हे कुणीच सांगू शकत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तसं वचन दिलं नव्हतं. व्यायाम, औषध, जपून भरवलेला घास आणि आई, एवढं त्याला हवं होतं. त्यातली आईच त्या बैठकीपायी जाता जाता राहिली.

घरात असं मूल असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा. पापाचा शोध घेऊ नका. आणि कधी कुठल्या गर्दीत एखाद्या मुक्या लेकराचा हात कुणावर उठताना दिसला, तर हात कुणाकडे गेला ते मागाहून बघा. आधी त्याची मान कुणाच्या हातात आहे ते बघा.