रिग्रेट या शब्दाचा वाक्यात उपयोग

मी उर्दूत शिकलो, मराठीत शिकवतो आणि इंग्रजीला घाबरतो. हे मी चारचौघांत थट्टेनं सांगतो आणि लोक हसतात. त्यातलं शेवटचं थट्टा नाही, हे जळकोटात एकाच बाईला ठाऊक आहे.

निजामाचं राज्य गेलं आणि आम्हा मास्तरांची पंचाईत झाली. कालपर्यंत अलिफ-बे घोकून घेत होतो, आता एबीसीडी शिकवा म्हणून हुकूम आला. आदल्या दिवशी गाईडातून पाठ करायचं आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या माथी मारायचं, असं माझं चाललं होतं. पण वासरात लंगडी गाय शहाणी. गावात तार आली, नोटीस आली, औषधाची बाटली आली, की 'गोपाळकृष्ण मास्तरला बोलवा'. मला त्याची चटक लागली होती, हे कबूल करतो.

नागूबाई ही शिवलिंगप्पाची धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती भावाच्या घरी परत आली. भाऊ मनानं वाईट नव्हता. तिनं पाटी मागितली, त्यानं आणून दिली. चार वर्षं ती माझ्याकडं शिकली आणि सातवी पास झाली. तिचं पाहून गावातल्या चार जणांनी आपल्या पोरी शाळेत घातल्या. पुढं सोलापूरच्या एका केंद्रात ग्रामसेविकेचं ट्रेनिंग निघालं, तेव्हा अर्ज मीच लिहून दिला. तिला दुसरं काही नको होतं. भावाच्या चुलीपाशी जन्म काढायचा नव्हता, एवढंच.

अठ्ठावन्न साली वैशाखात उत्तर आलं. शिवलिंगप्पाच्या ओट्यावर दहा-बारा माणसं जमली होती. जाड पांढरा कागद, टाइप केलेला, वर छापील नाव, खाली गोल शिक्का. तो हातात घेतला तेव्हाच माझ्या मनानं निकाल देऊन टाकला. माझे वडील निजामाच्या कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, होते. त्यांच्या कचेरीत अर्ज फेटाळला, तर त्याच अर्जाच्या समासात तांबड्या शाईनं 'नामंजूर' असं तिरकं लिहून तोच कागद परत यायचा. कोऱ्या कागदावर वेगळं उत्तर आलं, की समजायचं मंजूर. नाही म्हणायला सरकार नवा कागद खर्च करत नाही, असं वडील म्हणायचे.

मजकूर दोनच ओळींचा होता. कमिटी, सिलेक्ट, ट्रेनिंग हे शब्द मला येत होते. 'नॉट' कुठं दिसत नव्हता. मध्ये रिग्रेट नावाचं एक क्रियापद होतं आणि त्याला चिकटून आणखी एक लांबलचक शब्द. दोघांशी माझी ओळख नव्हती. शब्दकोश शाळेच्या कपाटात होता आणि शाळा पन्नास पावलांवर. पण दहा माणसांदेखत उठून शब्दकोश बघायचा, म्हणजे मास्तरला येत नाही असं झालं असतं.

"काय लिव्हलंय, मास्तर?" शिवलिंगप्पानं विचारलं.

"निवड झाली," मी म्हणालो.

"कवा जायाचं?"

तारीख कागदावर नव्हतीच. तिथं तरी मी थांबायला हवं होतं. "तारीख मोघम दिली आहे, लवकर पोचलेलं बरं," असं मी ठोकून दिलं.

शिवलिंगप्पानं गूळ-शेंगदाणे वाटले. ज्याला त्याला सांगत सुटला, "आमची नागू सरकारात निघाली." भावजय गौराबाईनं दशम्या बांधल्या, शेंगाची चटणी दिली, आपली लोखंडी पेटी दिली. सोमवारी अर्धं गाव मोटारीपाशी जमलं. नागूबाई माझ्या पाया पडली आणि मी तिला आशीर्वादही दिला.

बुधवारी संध्याकाळी मी पेपर घ्यायला स्टँडवर गेलो होतो. सोलापूरची मोटार आली आणि पेटी घेऊन नागूबाई उतरली. बघता बघता माणसं गोळा झाली. शिवलिंगप्पा धावत आला.

"का गं? का आलीस?"

तिनं सगळ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मला करमलं न्हाय," ती म्हणाली.

शिवलिंगप्पाचा चेहरा उतरला. कुणीतरी हसलं. पेटी उचलून ती घराकडं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती वर्गाच्या दारात आली. कागद तिच्या हातात होता.

"मास्तर, रिग्रेट म्हंजे काय?"

सकाळीच मी शब्दकोश पाहिला होता; त्या लांबलचक शब्दाचा अर्थ 'असमर्थता' निघाला होता. "खेद वाटणे," मी खाली बघत म्हणालो.

"तिथल्या बाईंनीबी तेच सांगितलं. म्हणल्या, साहेबलोक न्हाय म्हणायच्या आदी खेद वाटतो म्हणतात. पुढच्या साली पुन्ना अर्ज करा म्हणल्या. दोन रात्री वऱ्हांड्यात झोपू दिलं, भाकर दिली. चांगल्या हुत्या."

"तू गावात खरं का नाही सांगितलंस?"

"मास्तरनं चुकीचं वाचलं म्हणलं असतं, तर उद्या तुमच्याकडं पोरी कोण धाडंल? चारच येतात. त्याबी घरी बसतील."

तिच्यापुढं मला लाज वाटली, हे खरं. पण त्याआधी मला हायसं वाटलं, हेही खरं. आपण वाचलो, असं मनात आलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला आजही अधिक वाटते. मी तिला म्हणालो, "मी सांगेन सगळ्यांना. वेळ बघून सांगतो."

वेळ काही दिसेना. गावाला मात्र चघळायला विषय मिळाला. ती पाणवठ्यावर गेली की बाया विचारायच्या, "काय नागू, करमतंय का?" रस्त्यानं जाताना पोरं ओरडायची, "करमलं न्हाय, करमलं न्हाय." त्यातली निम्मी पोरं माझ्याच वर्गातली होती. एकदा मी दोघांना त्यावरून छड्या मारल्या. पोरांना मारणं सोपं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, ते मात्र जमत नव्हतं. दर रविवारी ठरवायचो, या बाजारी चावडीवर सांगून टाकू. बाजार भरायचा, उठायचा आणि मी मेथीची जुडी घेऊन घरी यायचो.

वर्ष गेलं. सोलापूरहून पुन्हा फॉर्म आले. यंदाचे मराठीत होते, वाचायला माझी गरज नव्हती. एक फॉर्म घेऊन मी शिवलिंगप्पाच्या ओट्यावर गेलो. घरून निघताना ठरवलंच होतं, की आधी खरं सांगायचं आणि मग फॉर्म पुढं करायचा. पण ओट्यावर शेजारचा महालिंगप्पा आणि आणखी तिघं बसले होते. मी आधी फॉर्म पुढं केला.

शिवलिंगप्पानं तो उलटसुलट करून पाहिला. "हिला पुन्ना धाडायचं? मास्तर, एकदा आब गेला तेवढा बास झाला. तिथं न्हाय म्हणले असते तर गोष्ट येगळी. न्हाय म्हणणं त्यांच्या हातात. पण घेतलेलं सोडून ही पळून आली. पुन्ना तेच करंल, दुसरं काय?"

नागूबाई आतून चहा घेऊन आली होती. कपबश्यांचं ताट हातात धरून ती उंबऱ्यात थांबली.

"तुमीच सांगा की," शिवलिंगप्पा म्हणाला. "ह्या माणसांम्होरं सांगा. करमलं न्हाय म्हणूनच आली न्हवं ही? का दुसरं काय हुतं? दुसरं काय असंल तर आत्ता सही करतो."

पाच माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. महालिंगप्पाची पोरगी माझ्याकडं तिसरीत होती, तिचा विचार मनात आला असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खोटं आहे. मनात फक्त मी होतो.

"हो," मी म्हणालो. "करमलं नाही म्हणूनच."

"मग झालं तर," शिवलिंगप्पा म्हणाला आणि फॉर्मची घडी घालून त्यानं तो माझ्या हातात परत दिला.

मी उठलो. नागूबाई पुढं आली. ताटातला पहिला कप तिनं माझ्यापुढं धरला.

"चहा घेऊन जावा, मास्तर," ती म्हणाली.

मी खाली बसलो आणि चहा प्यालो.