मागच्या भिंतीतली खिडकी

मित्रांनो, मी शंभरीला टेकलेला एक नकाशा आहे आणि ज्या इमारतीचा आहे, ती आता उभी नाही. हे सारं मला नीट सांगता येईल का, शंकाच आहे. आजवर मला कोणी बोलायला सांगितलंच नव्हतं.

खळ लावलेल्या पातळ कापडावर काळ्या शाईने मला काढलं. एरंडोलच्या रस्त्यावरच्या एका गावाचं वाचनालय माझ्यावरून उभं राहिलं. गवंडी मला पसरून चार कोपऱ्यांवर विटा ठेवत, तेव्हा फार मान वाटे. पुढे वाचनालय पाडून दुकानांचे गाळे झाले. मी एका कपाटामागे पडलो. झुरळांनी माझी खळ खाल्ली, कोणी मला बाहेर ओढून माझ्यावर भजी ठेवून खाल्ली, कोणी गुटख्याची पिंक टाकली. किळस म्हणतात ती हीच, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी जळगावहून वृषाली आली. वास्तुकला शिकणारी मुलगी. वाचनालयाच्या शंभर वर्षांसाठी नेमलेल्या शताब्दी समितीने तिला स्मरणिकेसाठी जुन्या इमारतीची चित्रं काढायला बोलावलं होतं. तिने मला कपाटामागून काढून मऊ ब्रशने झाडलं, तेव्हा मी संकोचलोच.

मग ऐंशीच्या लिलाबाई पदराखाली एक फोटो घेऊन आल्या. त्यात त्यांचे वडील झिपरू, हातात पुस्तक. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवी, पास झाल्यावर त्यांनी हट्टाने तिथेच फोटो काढवला होता, वाचनालयाच्या मागे, एका उंच खिडकीखाली.

ती खिडकी माझ्यावर नाही.

"अक्का, बाबांचा फोटो छापू ना," समितीचे जितेंद्रभाऊ म्हणाले. "फक्त खिडकी काढून टाकू. मोबाइलवर बोट फिरवलं की जाते."

"कसाले रे भाऊ?"

"नकाशात कुठे आहे? नकाशा काय खोटं बोलेल?"

"मना बापले दारमा उभं करेत नै. तो त्या खिडकीखाले उभा ऱ्हाये. पुस्तक वरथीन टाकेत, तो झेले."

मित्रांनो, ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत, त्यांना आत येऊ देत नसत. मला हे ठाऊकच नव्हतं. मी तर दर्शनी कमानीचीच मिजास मिरवत आलो.

वृषालीने पट्टी घेतली. माझ्यावर जोत्याची उंची होती, तीन फूट. फोटोतल्या जोत्याशी ताडून तिने खिडकी मोजली. खालची कड जमिनीपासून साडेसहा फूट. भोवतीच्या विटाही वेगळ्या, म्हणजे भिंत झाल्यावर मुद्दाम फोडलेली.

"भाऊ, काय बांधायचं ठरलं, तेवढंच नकाशा सांगतो," ती म्हणाली. "काय झालं, ते फोटोत आहे."

जितेंद्रभाऊंनी मोबाइल पुढे केला. खिडकी गेली होती. "बघा, किती स्वच्छ!"

त्या 'स्वच्छ'ने मला शिसारी आली. पिंक परवडली. त्यांनी मला खोट्याचा साक्षीदार केलं होतं.

"मग माझी चित्रंही छापू नका," वृषाली म्हणाली.

"नाही छापत. नकाशा आहे ना आमच्याकडे!"

स्मरणिका निघाली. मुखपृष्ठावर सोनेरी चौकटीत मी. आत कोऱ्या भिंतीपुढे झिपरूबाबा. समितीच्या खोलीत लिलाबाईंनी त्या पानावर, खिडकीच्या जागी बोट ठेवलं.

"आते मना बाप तठे कसाले उभा शे?" त्यांनी विचारलं.

जितेंद्रभाऊ प्रती मोजू लागले. लिलाबाईंबरोबर आलेल्या वृषालीने मला गुंडाळण्याआधी पालथं घातलं आणि पेन्सिलीने हलकेच लिहिलं, 'मागच्या भिंतीत खिडकी होती. फोटो लिलाबाईंच्या घरी आहे.'

मित्रांनो, जुने नकाशे जपा, ओल आणि झुरळांपासून वाचवा. पण माझ्या एकट्यावर विसंबू नका. मला उलगडाल तेव्हा आधी पालथं करा. शंभर वर्षांत जे मला सांगता आलं नाही, ते तिथे लिहिलेलं आहे. ते कोणी पुसणार नाही एवढं पाहा.