कोपराखालचा हात

दोघी जावांनी मिळून बत्तीस वर्षं पडदे शिवले. पडदे शिवणं हे एकटीदुकटीचं काम नव्हे. खिडकीच्या माथ्यापासून जमिनीपर्यंतचं जाड कापड मशीनखाली घातलं की एकीने शिवायचं आणि दुसरीने कापड उचलून धरायचं. नाही धरलं तर ओझं सुईला ओढतं आणि शिवण नागमोडी जाते. थोरली मशीनवर बसायची आणि धाकटी उचलून धरायची. धाकटीचा हात असा हलका, की खाली हात आहे हे कापडालासुद्धा कळत नसे. कात्री मागायच्या आधी कात्री हजर, खडू मागायच्या आधी खडू. थोरलीला सगळे ताई म्हणत, धाकटीसुद्धा. धाकटीचं नाव पुतण्याने बोबड्या वयातच 'लगबगकाकू' ठेवलं, आणि ते तिला असं चिकटलं की गिऱ्हाइकंही तिला त्याच नावाने हाक मारू लागली.

पुढे दोघींचे नवरे, सख्खे भाऊच ते, वर्षाच्या अंतराने गेले. डोळे अधू झाले तसं दुकानही मिटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एक मशीन आणि दोन बायका उरल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचं उत्तम चाललं होतं.

मग ताई पडली. पडायला काही पराक्रम लागत नाही. चपलेचा पट्टा सरळ करायला वाकली आणि आडवी झाली, एवढंच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि नवव्या दिवशी ताई वॉकर धरून घरी आली.

ताईचा मुलगा, म्हणजे तोच पुतण्या, धावत आला. परगावी नोकरी करणारा, पण आईवर जीव टाकणारा, सोन्यासारखा मुलगा. खरी पंचाईत तीच होती. मुलगा वाईट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. तो सहा आठवड्यांची मुदत देऊन गेला. तोवर आई कुणाच्या आधाराशिवाय उठून न्हाणीपर्यंत जाऊन यायला लागली तर राहू दे इथेच. नाहीतर तो तिला आपल्याकडे नेणार. त्याच्या घरी एक खोली रिकामी होती, तिच्यात एक पलंग होता, आणि दिवसा एक बाई ठेवता आली असती. काकूचं काय, हे तो बोलला नाही आणि कुणी विचारलंही नाही. एका पलंगाचा हिशोब कुणालाही येतो. ती रात्र धाकटीने कूस बदलत काढली.

मंगळवारी फिजिओ आला. दोघींना वाटलं होतं, व्यायाम शिकवणारा म्हणजे कुणी पिळदार गडी असेल. दारात उभा राहिला तो पन्नाशीचा, गोलमटोल, तीन जिने चढून धापा टाकणारा गृहस्थ. "आधी मला बसू द्या, मग तुम्हाला उठवतो," म्हणाला. ताईला तो तिथेच आवडला. त्याने घोटे वरखाली करायला शिकवलं, ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहायला शिकवलं, दोरीवर चालल्यासारखं एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून तोल सांभाळायला शिकवलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे खुर्ची. हात छातीशी बांधायचे, उठायचं, बसायचं. आधी जमेल तेवढं, मग वाढवत दहापर्यंत. मांड्यांत बळ आलं की बाकीचं मागून येतं, असं त्याचं म्हणणं. एका कागदावर रोजच्या खुणा करायच्या.

तीन आठवड्यांत कागद खुणांनी भरून गेला. ताई दहा वेळा उठत होती, बसत होती, वर "पाय अगदी हलके झालेत" असं म्हणत होती. धाकटीने तर फोनवर पुतण्याला सांगूनही टाकलं, की तू काही काळजी करू नकोस.

चौथ्या मंगळवारी फिजिओने घड्याळ काढलं आणि ताईला उठायला सांगितलं. ताई उठली नाही. म्हणजे तिने जोर केला, पुढे झुकली, चेहरा लाल झाला, पण बूड काही खुर्ची सोडेना. दुसऱ्यांदा तेच. फिजिओने कागदाकडे पाहिलं आणि रोज दहा का, म्हणून विचारलं. रोज दहा, दोघी एका सुरात म्हणाल्या. खोटं बोलायचा दोघींचाही स्वभाव नव्हता.

त्याने जरा विचार केला. मग म्हणाला, मी इथे नाहीच असं समजा आणि रोज करता तसंच करा. धाकटी रोजच्यासारखी ताईच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि ताई उठली. अगदी सहज. बसली, पुन्हा उठली. फिजिओ गुडघ्यावर बसला, मान तिरकी करून बघत राहिला.

"काकू, तुमचा हात कुठे आहे?" त्याने विचारलं.

धाकटीने खाली पाहिलं. तिचा तळवा ताईच्या कोपराखाली होता. दुसऱ्याच कुणाचा असावा तशी ती त्या हाताकडे बघत राहिली. ताईही बघत राहिली. हात तिथे आहे हे त्या दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

फिजिओ रागावला नाही. त्याने आपलं कोपर तिच्या तळव्यावर टेकवलं आणि आत्ता दिला तेवढाच जोर द्या म्हणाला. मग त्याने भुवया उंचावल्या. निम्मं काम काकू करत होत्या, आणि ताईंच्या मांड्यांनी तीन आठवडे सुट्टी घेतली होती, असं त्याने सांगितलं. सांगताना हसला, पण हसायला कुणी सोबत नव्हतं.

तो गेल्यावर ताई तासभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. धाकटी ओट्याशी उभी होती, आणि तिथे करण्यासारखं काहीच नव्हतं. सहातले तीन आठवडे पाण्यात गेले होते, आणि तिच्या हाताने गेले होते. ज्या माणसावाचून आपला दिवस उगवत नाही, त्याला गाडीत बसवून द्यायची निम्मी तयारी आपणच प्रेमाने करून ठेवली, याचं तिला इतकं वाईट वाटलं की रडूही येईना.

शेवटी ताईनेच हाक मारली. "अगं, मलाही कळलं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, पायांत जीव आला."

फिजिओने नवा नियम घालून दिला होता. ताईचा व्यायाम चालू असताना काकूंनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसायचं, हाताची घडी घालून. जागचं हलायचं नाही. पण जित्याची खोड ती. पहिल्या दिवशी ती चार वेळा उठून धावली आणि चारही वेळा ताईने "बस" म्हणून तिला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिने हात मांड्यांखाली दाबून धरले. फिजिओचं म्हणणं, काकूंचा व्यायाम ताईंच्यापेक्षा अवघड आहे. तो थट्टेत म्हणाला, पण ते खरं होतं. काही न करणं धाकटीला कुणी शिकवलंच नव्हतं.

ताईच्या खुर्चीवर पडद्याच्या अस्तराच्या कापडाची आठ पदरी घडी ठेवली, म्हणजे बैठक उंच होऊन उठायला सोपं जाईल. दर दोन दिवसांनी एक पदर कमी करायचा. पहिल्या दिवशी ताई तीनदा उठली आणि थरथरत बसली. मग पाच. मग एकदा अर्ध्यातून धपकन मागे पडली आणि धाकटीने स्वतःचा ओठ चावला. वॉकर जाऊन हातात काठी आली, आणि ताई आपला चहाचा कप आपण नेऊ लागली. वाटेत सांडला, तर काठीला धरून आपणच पुसला. धाकटी बघत बसली. तिला ते निष्ठुरपणाचं वाटायचं, आणि मनातून ताईचा अभिमानही वाटायचा. ताईही मधूनच तिच्याकडे टक लावून पाहायची. आपण हात लावतो की काय यावर पहारा ठेवते आहे, अशी धाकटीने आपली समजूत करून घेतली.

सहा आठवडे भरले त्या मंगळवारी पुतण्या आला. गाडी खाली दाराशीच उभी करून आला, ते धाकटीने खिडकीतून पाहिलं. फिजिओने घड्याळ हातात घेतलं आणि पाच वेळा उठायला सांगितलं. खुर्चीवर आता अस्तराचा एकही पदर नव्हता.

ताई उठली. बसली. दुसऱ्यांदा उठली, तिसऱ्यांदा उठली. चौथ्यांदा मध्येच अडकली, ना वर ना खाली, गुडघे लटपटत होते. धाकटीचे दोन्ही हात तिच्याच मांड्यांखाली होते आणि जीव टांगणीला लागला होता. पण ती हलली नाही. ताईने दात आवळले, आणि उभी राहिली. पाचवी खेप झाली तेव्हा घड्याळ सोळा सेकंद दाखवत होतं. मग काठी घेऊन तीन मीटर जाऊन वळून आली. पावलापुढे पाऊल ठेवून दहापैकी आठ सेकंद उभी राहिली. फिजिओ म्हणाला, पास. व्यायाम सोडायचा नाही, पण राहायला हरकत नाही.

पुतण्याने आईला जवळ घेतलं. डोळे पुसले. आणि मग, चांगल्या मुलाने बोलावं तेच बोलला. आज जमलं, पण उद्या काय? इथे तीन जिने आहेत, त्याच्याकडे लिफ्ट आहे. काकूही आता थकली आहे. ती किती दिवस बघणार?

यात खोटं काही नव्हतं. धाकटीने खाली मान घातली, मग वर केली.

"जा तू, ताई," ती म्हणाली. "तिथे सोय होईल. माझं मी बघेन."

हे वाक्य म्हणायला तिला ताईच्या पाचही उठण्यांइतका जोर लागला होता. पण आवाज सरळ आला.

ताईने तिच्याकडे पाहिलं, मग फिजिओकडे पाहिलं. "आता हिची परीक्षा घ्या," ती म्हणाली.

धाकटीला हसूच आलं. दिवसभर घरात भिंगरीसारखी फिरणारी ती, तिची कसली परीक्षा? पण ताईचा आग्रह म्हणून तिने हात छातीशी बांधले आणि उठली. म्हणजे उठणार होती. शरीर पुढे गेलं आणि परत आलं. तिने हसत पुन्हा जोर केला. पुन्हा तेच. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, म्हणतात ते हे. तिसऱ्या खेपेला ती हसली नाही.

पुतण्या हात पुढे करून झटकन सरसावला. ताईने काठी आडवी धरली.

"थांब. तीन आठवडे मला दुसरं काम नव्हतं, मी हिलाच बघत होते. ही कशाला तरी धरल्याशिवाय उठतच नाही. ओट्याला धरते, मशीनला धरते. मला पलंगावरून उठवायची तेव्हाही निम्मी माझ्यावरच रेललेली असायची. हिलाही ते माहीत नाही." ताईला धाप लागली, पण ती थांबली नाही. "मी पडले तर तू मला घेऊन जाशील. ही पडली तर हिला कोण नेणार, सांग. मी एवढी धडपड करून उठले ती तुझ्या खोलीत जाऊन बसायला नाही."

पुतण्याने पुढे केलेला हात खाली घेतला आणि तो काकूच्या खुर्चीपासून एक पाऊल मागे सरला.

ताई काठी टेकत धाकटीसमोर येऊन उभी राहिली. एक हात काठीवर होता. दुसरा तिने पाठीमागे घेतला.

"टाचा खुर्चीखाली घे," ती म्हणाली. "नाक पायाच्या बोटांच्या पुढे आण. आता वर यायचा विचार करू नकोस. जमीन ढकल."

"ताई, हात दे ना."

"नाही देणार," ताई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

धाकटीने जमीन ढकलली. मांड्या थरथरल्या, खुर्ची करकरली, आणि ती वर आली. फार नाही, बोटभर. क्षणभर तशी राहिली आणि खाली बसली.

"एक," ताई म्हणाली.

फिजिओने ते उठणं मोजलं नसतं, पण त्याला कुणी विचारलंच नाही. पुतण्या आईला न्यायला म्हणून दाराशी लावलेली गाडी बाजूला घ्यायला खाली गेला, आणि ताईने धाकटीला पुन्हा टाचा मागे घ्यायला सांगितलं.