ओकवरच्या माळा

टॅम्पा शहरातली चाच्यांच्या सोंगांची मिरवणूक जानेवारीत दारावरून गेली, की थेल्माचं डोकं पुढे महिनाभर तापलेलं असायचं. कारण एकच, शेजारची नेलिडा. आणि तिच्या अंगणातलं ते मेलं ओकचं झाड.

झाडावर नेलिडानं तीसेक वर्षांच्या पांढऱ्या मोत्यांच्या माळा टांगून ठेवल्या होत्या. फेकलेल्या कुणी? थेल्माच्या सख्ख्या नवऱ्यानं! वॉरेन डोळ्यावर काळी पट्टी बांधून जहाजासारख्या सजवलेल्या गाडीवर उभा राहायचा आणि रस्त्याकडेच्या लोकांना माळा फेकायचा. बंदुकांचे बार उडत असायचे आणि हा बाबा बायकोला सोडून नेमकी नेलिडाकडे माळ फेकायचा, वर ओरडून काहीतरी सांगायचाही. त्या गोंगाटात काही ऐकू येत नसे. थेल्माला ऐकायचंही नव्हतं. नेलिडाचा खुललेला चेहरा तिला पुरेसा होता.

"आमच्या टोळीत स्वतःच्या घरावर फेकत नाहीत गं," वॉरेन म्हणायचा. "फेकली तर सगळ्यांना रम पाजावी लागते."

सबब! आणि रात्री जेवताना विचारायचा, "माळ आवडली का?"

थेल्माच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "तूच घाल गळ्यात!" ती म्हणायची. तो पुढचा घास घ्यायचा.

गेल्या उन्हाळ्यात वॉरेन वारला. तरीही यंदा थेल्मा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली. नेलिडाला आता कोण माळ फेकतं, ते तिला डोळे भरून पाहायचं होतं.

"यंदा हात हलवतच घरात जाणार वाटतं!" तिनं कुंपणावरून टोमणा मारला.

गाडी आली आणि बरोबर दारासमोर बंद पडली. बंदुका थांबल्या. वॉरेनचा टोळीतला जोडीदार ड्यूई वरून वाकला, नेलिडाकडे पांढरी माळ फेकली आणि ओरडला, "नेहमीसारखी थेल्माला दे गं! वॉरेनच्या नावाची आहे!"

नेलिडाची मूठ माळेवर आवळली.

"पहिल्या वर्षी द्यायलाच निघाले होते," ती पुटपुटली. "पण मला कधी कुणी काही फेकलं नव्हतं गं. तुझ्याकडे तर तो अख्खा होता."

थेल्मा उठून कुंपणाशी गेली.

"शिडी आण," ती म्हणाली. "सगळ्या उतरव. आवडली का, म्हणून विचारायचा तो मला. दरवर्षी विचारायचा."