बाईंची शिफारस

"अरे, मनातल्या मनात काय वाचतोस? मोठ्याने वाच," बाई खुर्चीत सरसावून बसत म्हणाल्या. "शेवटचा परिच्छेद लिहिताना माझाच गळा दाटून आला होता."

समोरच्या प्राध्यापकाने पत्र मोठ्याने वाचलं नाही. मनातच दोनदा वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

बाई या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. पगार त्याचा मिळे. पण जीव अडकलेला असे तो शनिवारच्या दुपारी, स्टाफरूममागच्या या खोलीत. ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी आजवर कुणी चढलं नाही अशी हुशार पोरं हुडकून काढायची, त्यांना मोठमोठ्या विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या पीएच.डी.साठी अर्ज करायला लावायचं, अर्जातला स्वल्पविराम न् स्वल्पविराम तपासायचा आणि शेवटी स्वतःच्या हाताने शिफारसपत्र लिहायचं. बाकीचे शिक्षक याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणत. म्हणोत बापडे. पहिल्याच वर्षी बाईंचा एक मुलगा निवडला गेला होता. खोलीत त्याचं नावच पडलं, 'पहिला'. तोच आज प्राध्यापक होऊन वडिलांना भेटायला गावी आला होता, आणि बाईंनी त्याला कानाला धरून इथे आणलं होतं.

पहिल्यानंतर अकरा वर्षांत एकोणीस जणांनी अर्ज केले. लागले दोन, तेही कुठेतरी कोपऱ्यात. 'मोठ्यांची दारं मोठ्यांनाच उघडतात,' असं बाई म्हणत आणि पुढच्या वर्षीच्या तयारीला लागत. यंदा चष्मिशची पाळी होती. पाठ्यपुस्तकाएवढीच बोलणारी, जाड भिंगांची पोरगी. अर्जाला शिफारसपत्रं तीन लागत, तिचं तिसरं बाईंचं. मुदत आज पाचपर्यंत, आणि आत्ता अडीच वाजले होते.

"बाई, हे पाठवू नका," पहिला म्हणाला.

"का? शुद्धलेखन चुकलंय?"

"मी शिकवतो त्या विद्यापीठात प्रवेश समितीवर आहे. तीन वर्षं तुमची पत्रं येतायत. तुमच्या विद्यार्थ्याची फाईल निघाली की मी उठून बाहेर जातो, तसा नियमच आहे. पण मागच्या वर्षी दार लोटून घ्यायच्या आत एकाचं बोलणं कानावर आलं." तो अडखळला. "तुमच्या पत्रांना तिथे नाव पडलंय, बाई."

"काय नाव?"

"रुमाल."

बाईंना आधी कळलंच नाही. त्या हसल्यासुद्धा.

"वाचताना डोळे पुसायला लागतात म्हणून," पहिला खाली बघत म्हणाला. "तो सांगत होता, सगळे हळहळतात. मग कुणीतरी विचारतं, ते सगळं खरं, पण या मुलाला येतं काय? आणि ते पत्रात कुठेच नसतं. फाईल बाजूला जाते."

बाईंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी खोटं लिहिते?"

"एक अक्षर खोटं नाही."

"मग? या पोरांनी काय काय सोसलंय ते त्या लोकांना कळायला नको?"

"मोठ्या घरच्या मुलांच्या पत्रात त्यांचे आईबाप येतच नाहीत हो. नुसतं काम येतं. यात बघा ना," त्याने पत्र सुलटं केलं. "तिची आई दवाखान्यात फरशी पुसते, ते चौदा ओळी. आईचे गुडघे, तीन ओळी. आणि प्रबंध? 'हिचा प्रबंधही उत्तम आहे.' एवढंच."

"अरे, पण तुला याच पत्रावर घेतलं होतं ना!" बाईंनी हुकमाचं पान टाकलं. "तुझ्याच पत्राच्या नमुन्यावर मी पुढची सगळी लिहिली. शब्दसुद्धा बदलले नाहीत कित्येकदा."

पहिल्याने पत्र पुन्हा पालथं ठेवलं. मग म्हणाला, "बाई, तुमचं पत्र तिथे पोचलंच नव्हतं."

बाईंनी टेबलाची कड धरली.

"त्या वर्षीपासून पत्र कॉम्प्युटरवरून पाठवायचं होतं. तुम्ही पोस्टाने पाठवलंत. मुदतीच्या आदल्या दिवशी मला कळलं. तुम्ही लेकीकडे गेला होतात. मी धावत मुके सरांकडे गेलो. त्यांनी उभ्याउभ्या तीन ओळी लिहिल्या. 'या मुलाने माझ्या पुस्तकातली चूक दाखवली. चूक खरी होती. याला घ्या.'"

मुके सर म्हणजे वरच्या मजल्यावरचे गणिताचे सर. वर्गात फळ्याशी बोलत, बाहेर कुणाशीच नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळ्या कॉलेजात सांगत सुटला होतात. इतक्या खुशीत होतात, माझी जीभच रेटली नाही. आणि पुढे तुम्ही तोच साचा वापरताय हे मला काय माहीत!"

बाईंना राग यायला हवा होता, तो येईना. डोळ्यांपुढे एकोणीस चेहरे उभे राहिले. त्यातला एक तर नकार आल्यावर इथेच, याच बाकावर बसून म्हणाला होता, 'बाई, माझीच कुवत नव्हती.' आणि त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत समजूत घातली होती, 'असू दे रे, सगळ्यांनाच जमतं असं नाही.' त्याने पुन्हा अर्ज केला नाही. ज्या हाताने त्याचा गळा कापला, त्याच हाताने त्याची पाठ थोपटली होती.

"अजून वेळ आहे," पहिला म्हणाला. "दुसरं लिहा. प्रबंध कशावर आहे तिचा?"

"दवाखान्यातल्या रांगेवर."

"काय म्हणणं आहे तिचं?"

कोरा कागद पुढे ओढून बाईंनी 'हिच्या प्रबंधात' इतकं लिहिलं. पेन तिथेच थांबलं. चष्मिशच्या आईची पाळी कधी सुरू होते ते त्यांना ठाऊक होतं. धाकट्या भावाला दमा आहे तेही. प्रबंध मात्र पाचव्या पानापर्यंतच वाचला होता. पुढे नुसती समीकरणं होती, आणि पोरगी हुशार आहे हे तर माहीतच होतं. मग कशाला वाचायचा?

इतक्यात चहाचे तीन कप घेऊन चष्मिश आत आली. दोघांचे चेहरे बघून दाराशीच थबकली. "काय झालं, बाई?"

शिफारसपत्र विद्यार्थ्याला दाखवायचं नसतं. बाईंनी इतक्या वर्षांत तो नियम एकदाही मोडला नव्हता. आज त्यांनी मघाचं पत्र तिच्यापुढे धरलं.

चष्मिशने कप खाली ठेवले. उभ्यानेच वाचलं. भिंगांमागचे डोळे काही केल्या दिसेनात.

"आईने हे तुम्हाला सांगितलं, ते तुम्ही तिला खुर्ची दिलीत म्हणून," ती हळू आवाजात म्हणाली. "लिहायला नव्हतं सांगितलं. ती फरशी पुसते हे खरंय, बाई. पण माझ्या गणितात ती कुठेच येत नाही."

बाईंच्या कानशिलात कुणी मारली असती तर बरं वाटलं असतं. या पोरांसाठी त्यांनी सुट्ट्या घालवल्या, नवऱ्याची बोलणी खाल्ली, आणि शेवटी केलं काय, तर त्यांच्या घरची उणीदुणी चव्हाट्यावर मांडली. तीही प्रेमाने.

"तुझं गणित कुणी वाचलंय का?" त्यांनी विचारलं.

"मुके सरांनी. दोनदा. एकोणिसाव्या पानावर भांडलेसुद्धा."

बाई उठल्या. गुडघे त्यांचेही धड नव्हते, पण जिना त्या न थांबता चढल्या. मुके सर खिडकीशी उभे होते.

"चष्मिशचं तिसरं पत्र तुम्ही लिहाल का? पाचच्या आत."

"तुमचं आहे ना?"

"माझं पाठवत नाही."

सरांनी कारण विचारलं नाही. "लिहितो," म्हणाले आणि कपाटातून प्रबंध काढला. त्याच्या पानापानाला पेन्सिलीच्या खुणा होत्या.

खाली येऊन बाईंनी चष्मिशला अर्ज उघडायला लावला. तिसऱ्या रकान्यात बाईंचं नाव होतं. ते काढल्याशिवाय दुसरं घालता येत नव्हतं. चष्मिशचा हात कीबोर्डवर नुसताच राहिला.

"बाई, तुमचंही राहू दे ना कुठेतरी."

"जागा तीनच आहेत, बाळ," बाई म्हणाल्या, आणि वाकून त्यांनी स्वतःच आपलं नाव पुसलं.

पाचला वीस मिनिटं असताना पत्र पोचल्याची खूण आली. पहिला निरोप घ्यायला उठला. पाया पडायला वाकला तर बाईंनी त्याला मधेच धरलं. तो गेल्यावर त्यांनी टेबलामागची आपली खुर्ची सोडली, समोरच्या बाकावर जाऊन बसल्या आणि खडू चष्मिशच्या हातात दिला.

"सांग. पहिल्यापासून."

"खरंच?" चष्मिशने फळा पुसला. "समजा, डॉक्टर एक आहे. नंबर लवकर मिळावा म्हणून एक बाई पहाटे येते. ते बघून दुसरी तिच्याही आधी येते. अशा सगळ्याच लवकर येऊ लागतात, आणि कुणाचाच नंबर पुढे सरकत नाही. नुसती झोप जाते. त्यापेक्षा नंबरांच्या चिठ्ठ्या टाकल्या तर…" बोलता बोलता तिने तीन ओळी लिहिल्या. चौथी सुरू केली आणि मागे वळून बघितलं.

बाकावर बसलेल्या बाईंनी हात वर केला होता.